मी दावा सोडला नाही

"रामराम मॅडम," म्हणत आबा आत आले आणि सवयीनं माझ्या टेबलाला लागून असलेल्या खुर्चीत बसले. मीही रामराम म्हटलं. सुनावणीचा दिवस होता. शिपायानं दारात उभं राहून त्यांच्याच दाव्याचा पुकारा केला होता, त्यांचे वकील फाइल उघडून समोर उभे होते. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मानेवरचा घाम पुसला आणि शिपायाला म्हणाले, "पाणी आण रं जरा."

"आबा, तुम्ही आज सुनावणीला आलाय ना?" मी विचारलं.

"व्हय की."

"मग पक्षकारांची जागा समोर आहे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते हसले. मी हसले नाही तेव्हा त्यांनी वकिलांकडं बघितलं. वकील फाइलीत बघत होते. मग आबा उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि समोर जाऊन उभे राहिले. पाणी मी त्यांना तिथंच द्यायला लावलं.

ज्या बाईंनी दावा लावला होता त्या अजून आतच आल्या नव्हत्या. नाव पुकारलं गेलं तरी चपला हातात घेऊन दाराशी घोटाळत होत्या. "या मावशी," म्हणत मी त्यांना आत बोलावलं, आधी चपला पायात घालायला सांगितल्या आणि शिपायाकडून दोन खुर्च्या मागवल्या. सारख्या. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांनी बसून बोलावं. आबा बसले. मावशी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं म्हणून.

मी तेव्हा इंदापूरला तहसीलदार होते. लोकांना तहसीलदार म्हणजे दाखले, पंचनामे आणि झेंडावंदन एवढंच ठाऊक असतं. पण शेताची वाट कुणी अडवली तर तो दावा आमच्यापुढं चालतो. त्या वेळी आम्ही मामलेदार म्हणून बसतो आणि कागदोपत्री आम्हाला पीठासीन अधिकारी म्हणतात. शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात ना काळा कोट, ना उंच आसन. सकाळी ज्या टेबलावर पाणीटंचाईची बैठक झाली त्याच टेबलावर दुपारी दोन माणसं एकमेकांविरुद्ध शपथेवर बोलतात, आणि मध्येच बसस्थानकाकडून हॉर्न वाजला की साक्षीदाराला तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगावं लागतं.

दावा असा होता. भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या कडेला एक गाव आहे. मावशींचं शेत आत, पाण्याकडं. त्यांच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये आबांचा ऊस. मावशी दुभत्या गाई सांभाळायच्या, डेअरीची गाडी शेतापर्यंत यायची. त्या वर्षी आबांनी वाटेच्या तोंडाला काटेरी तार ठोकली आणि गाडी यायची बंद झाली. दुधाची किटली डोक्यावर घेऊन मावशी उसातनं वाट काढत रस्त्यावर यायच्या. उसाच्या पात्यांनी त्यांचे हात कापलेले मी पहिल्याच तारखेला बघितले होते. त्यांचं म्हणणं होतं की आबांच्या उसाच्या मधून सरळ जाणारी वाट त्यांची पूर्वापार आहे, ती खुली करून द्यावी. आबांचं म्हणणं होतं, "हितनं कधी वाटच नव्हती."

आबा माजी सरपंच. तालुक्यातल्या मोठ्या माणसांत ऊठबस असलेले. मावशींच्या मागं होते त्यांचे चुलत दीर. गावातल्या विहाराचा कारभार तेच बघायचे, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पहिल्या तारखेला ते आत आले तेच मोठ्यानं, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं, "जय भीम, मॅडम!" म्हणत. मी "जय भीम" म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरी आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, तेव्हापासून बारामतीतल्या आमच्या घरात येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणत आत येतो.

दुसऱ्या तारखेच्या सकाळी मला एक फोन आला. एका पुढाऱ्याच्या माणसाचा. "मॅडम, आज आबांचं आहे तुमच्याकडं. जरा बघून घ्या. आपलाच माणूस आहे."

"कुणाचा?" मी विचारलं.

तो गोंधळला. "म्हणजे... साहेबांचा."

त्या दिवशी पुकारा झाल्यावर मी आधी कारकुनाला रोजनाम्यात एक ओळ लिहायला सांगितली. रोजनाम्यात त्या त्या तारखेला दाव्यात जे घडलं ते लिहितात. मी मोठ्यानं सांगितलं, "आज सकाळी या प्रकरणात पीठासीन अधिकाऱ्यांना जाबदारांच्या बाजूनं दूरध्वनी आला. त्याची दखल घेतलेली नाही. ही बाब उभय पक्षांना वाचून दाखवली." कारकुनाचा हात थांबला. मी म्हटलं, "लिहा, लिहा. घडलंय ते लिहायचं." जाबदार म्हणजे आबा. त्यांचे कान लाल झाले. त्यानंतर त्या दाव्यात मला कुणाचा फोन आला नाही. पण पुढच्या तारखेला आबांच्या वकिलांनी एक अर्ज हळूच टेबलावर सरकवला.

"मॅडम, प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्यांकडं वर्ग व्हावं अशी विनंती आहे. रेकॉर्डवर घ्यावा."

"वाचा."

"वाचायची गरज नाही मॅडम, आपण सवडीनं..."

"भरल्या दालनात दिलाय, तर भरल्या दालनात वाचा."

वकील तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी घसा खाकरला आणि वाचलं. पीठासीन अधिकारी आणि अर्जदार हे एकाच समाजाचे आहेत. पहिल्या तारखेस अधिकारी व अर्जदाराचे नातेवाईक यांच्यात 'जय भीम' असे अभिवादन झाले. सबब जाबदारास निःपक्ष न्यायाची खात्री वाटत नाही.

दारातली माणसं आत डोकावायला लागली. मावशींना अर्जाची भाषा कळली नसावी, पण काहीतरी आपल्यावरून चाललंय हे कळलं. त्या खुर्चीवरून उठायला लागल्या. मी हातानंच बसा म्हटलं.

"आबा, पहिल्या तारखेला तुम्ही आत येताना काय म्हणालात?"

"मी? काय म्हनलो?"

"रामराम म्हणालात. मी काय म्हटलं?"

आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "रामराम."

"वकीलसाहेब, ते अर्जात लिहायचं राहिलं. लिहून सही करा."

"मॅडम, आमचा तसा अर्थ नव्हता."

"अर्थ काय होता ते सांगा. ही मावशी माझी कोण लागते? आम्ही एका गावच्या? सोयरीक आहे? व्यवहार आहे? ह्या दाव्याआधी मी तिला कधी बघितलंय?"

"नाही, पण..."

"ह्या खुर्चीत माझ्याआधी कितीतरी अधिकारी बसून गेले. त्यांच्यापुढं त्यांच्या त्यांच्या समाजाची माणसं रोज उभी राहिली. तेव्हा असा अर्ज कुणी दिला होता का?"

वकील पुन्हा फाइलीत बघायला लागले. माझा आवाज चढला होता हे मला जाणवलं. मी पाणी प्यायले आणि सांगितलं की माझ्यावरचा आक्षेप मीच फेटाळणं बरोबर नाही. अर्ज मी माझं म्हणणं लिहून वरिष्ठांकडं, प्रांताधिकाऱ्यांकडं पाठवीन, ते ठरवतील.

त्या आठवड्यात ज्यानं त्यानं मला एकच सल्ला दिला. सोडून दे. माझ्या बरोबरीचा एक अधिकारी मित्र म्हणाला, "एका वाटेच्या दाव्यासाठी कशाला डोक्याला ताप? लिहून दे की मला चालवायचा नाही. दुसरा कुणीतरी चालवेल. तुझंच नाव स्वच्छ राहील." तो माझं भलंच चिंतत होता. पण मला त्यातलं एक पटेना. हा दावा मी सोडला तर उद्या पुढचा अर्ज येईल, त्याला हेच कारण असेल. गावोगावी आमची माणसं आहेत, त्यांच्या जमिनी आहेत, भांडणं आहेत. मग मी कुणाचे दावे चालवायचे? ज्या गावात आमच्यातलं कुणीच नाही अशा गावांचे? आणि नाव स्वच्छ राहील म्हणजे काय? ते मळलं कधी होतं?

रविवारी मी बारामतीला घरी गेले. वडील आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते. आता निवृत्त आहेत, अंगणात कुंड्या घेऊन बसतात. मी त्यांना अर्जाचं सांगितलं. ते कुंडीतलं तण उपटत राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी लहान असताना कारखान्यात त्यांची चौकशी बसली होती. मशीन बिघडल्याचा ठपका त्यांच्यावर होता.

"चवकशीला जो सायब बसला व्हता ना," वडील म्हणाले, "त्यानं एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाय. मी बोलतोय आन तो खिडकीतनं बाहेर बघतोय. मधीच म्हनतो, बरं बरं, झालं का? निकाल माझ्या इरोधात गेला त्याचं मला काय न्हाय. चूक असंल बी माझी. पर त्यानं बघायला तरी पायजे व्हतं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? बाहेर आलो, गाडीला किक मारली, घरला आलो." त्यांनी कुंडीतली माती दाबली. "तू त्या आबाकडं बघतीस का? तो बोलताना?"

"बघते."

"मंग सोडू नगंस."

सोमवारी मी माझं म्हणणं लिहिलं. फार नव्हतं. ओळख नाही, नातं नाही, हितसंबंध नाही. अभिवादन दोन्ही बाजूंना केलं. अधिकाऱ्याचा जन्म हे दावा काढून घ्यायला कारण मानलं तर कुठल्याच अधिकाऱ्याला कुठलाच दावा चालवता येणार नाही. शेवटी हेही लिहिलं की मी हे प्रकरण स्वतःहून सोडणार नाही. कारकून म्हणाले, "मॅडम, शेवटचं वाक्य काढू का? जरा कडक वाटतंय." मी म्हटलं, राहू दे.

प्रांतांनी दोन्ही बाजूंना बोलावून ऐकलं आणि आबांचा अर्ज फेटाळला. तात्यांनी त्या दिवशी गावात पेढे वाटले असं मला नंतर कळलं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. दाव्याचा निकाल अजून व्हायचा होता, आणि तात्यांनी तो मनातल्या मनात लावूनही टाकला होता.

मग मी जागेवर गेले. वाटेचा दावा टेबलावर बसून कळत नाही, पायाखाली घ्यावा लागतो. बरोबर मंडळ अधिकारी, पंच, दोन्ही पक्ष, आबांचे वकील आणि मावशींच्या बाजूनं तात्या. पाण्याकडून वारा येत होता, त्याला सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. मावशी पुढं, मी मागं, असं आम्ही उसात शिरलो. मावशी म्हणत होत्या ती सरळ वाट मी शोधत होते आणि ती मला दिसत नव्हती. उसाच्या सऱ्या सलग गेल्या होत्या. खोडवा होता, म्हणजे तिथं ऊस काही आज लावलेला नव्हता. चाकोरी नाही, बांध फुटल्याची खूण नाही, काही नाही.

आम्ही बाहेर आलो. मावशी माझ्या जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, जरा बाजूला येता का? एक सांगायचं हाय."

"मावशी, जे सांगायचं ते इथं, सगळ्यांसमोर. बाजूला जाऊन मला काही ऐकता येत नाही."

त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"वाट हितनं नव्हती," त्या म्हणाल्या. "ओढ्याच्या कडंनं व्हती. सासऱ्यापासनं तितनंच येत व्हतो आमी. तोंडाला ह्या आबांनी तार ठोकली. आन पुढं... पुढं यंदा नांगारली."

"पुढं कुणी नांगरली?"

मावशींनी तात्यांकडं बघितलं. तात्या पुढं आले. "वहिनी, उगा काय बी बोलू नगंस."

"काय बी?" मावशी एकदम फिरल्या. "आरं, तूच नांगारली की! ट्रॅक्टर कुनाचा व्हता?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊकीवर दावा लावू व्हय मी? उद्या मला ह्यांच्यातच ऱ्हायचं हाय. ह्योच म्हनला, उसातनं माग, आपली मॅडम हाय, मिळंल."

आबा खदाखदा हसले. "बघा मॅडम! मी पयल्या दिवसापासनं सांगतोय."

"आबा, ओढ्याच्या तोंडाला तार कुणी ठोकली?"

हसू थांबलं. आम्ही सगळे ओढ्याकडं चालत गेलो. तोंडाशी आबांची तार होती, खांब सिमेंटचे. तारेपलीकडं गवतात गाडीच्या चाकांच्या जुन्या चाकोऱ्या अजून दिसत होत्या. त्या तात्यांच्या बांधापर्यंत गेल्या आणि ताज्या नांगरटीत बुडाल्या. पलीकडच्या अंगाला, मावशींच्या शेताच्या कडेला, पुन्हा वर निघाल्या. पंचांनी बघितलं, मंडळ अधिकाऱ्यांनी नकाशा काढला, सगळ्यांनी सह्या केल्या. तात्यांनी सही केली नाही. ते कागदावर पक्षकार नव्हतेच.

आणि अडचण नेमकी तीच होती. वकील म्हणाले, मागितलेली वाट नव्हती हे सिद्ध झालं, दावा निकाली काढा. मावशी म्हणाल्या, आता तर तुमी डोळ्यांनी बघितलं, आजच वाट द्या. मी दोघांनाही नाही म्हटलं. मावशींचा अर्ज दुरुस्त करून घेतला, तात्यांना पक्षकार केलं, नोटीस काढली आणि पुढची तारीख दिली.

"आनखी तारीख?" मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "दूध डोक्यावरनं न्यायला लागतं मला, मॅडम. तुमाला काय जातंय तारीख द्यायला!"

"मावशी, ज्याचं ऐकलं नाही त्याच्या विरोधात मी एक ओळ लिहीत नाही. तात्यांच्या जागी तुम्ही असता तरी मी हेच केलं असतं."

त्यांना ते पटलं नाही. त्या माझ्याकडं पाठ करून निघून गेल्या.

तारखेच्या दिवशी तात्या पुकाऱ्याच्या आधीच दालनात आले. ह्या वेळी आवाज बारीक होता. "मॅडम, आपन एका घरातली मानसं. घरातलं घरात मिटवू. पेपरावर कशाला?"

"तात्या, बाहेर बसा. पुकारा झाला की हे सगळं बोला. मी ऐकते."

पुकारा झाला तेव्हा ते चिडलेले होते. जमीन आपल्या नावावर आहे, ओढ्यानं काठ खाल्ला म्हणून नांगरली, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "आपलं मानूस खुर्चीत बघून आमची छाती फुगली व्हती. आता कळलं, खुर्चीत बसलं की मानूस आपलं ऱ्हात न्हाय."

मला पुष्कळ बोलायचं होतं. जीभ दाताखाली धरली. पीठासीन अधिकाऱ्यानं पक्षकाराशी वाद घालायचा नसतो. तात्यांकडं बघत मी त्यांचं सगळं बोलणं ऐकलं, शब्द न् शब्द लिहून घ्यायला लावलं, शेवटचं वाक्यसुद्धा, आणि त्यांना वाचून दाखवून सही घेतली. उलटतपासाची संधी सगळ्यांना दिली. आबांच्या वकिलांनी तात्यांना चांगलंच घोळात घेतलं. त्या दिवशी दालनात तात्यांच्या विरोधात आबा आणि मावशी एका बाजूला होते, आणि दोघांनाही ते अवघड होत होतं.

निकाल मी उघड वाचून दाखवला. उसातून वाट नाही. ओढ्याच्या कडेची जुनी वाट खुली करायची. आबांनी तार काढायची, तात्यांनी नांगरलेला पट्टा सोडायचा, दोघांनीही पुन्हा अडथळा करायचा नाही. आबांना ऊस वाचल्याचा आनंद झाला नाही, तात्या माझ्याकडं न बघता बाहेर पडले, आणि मावशींना लांबची वाट मिळाली म्हणून त्या नाराज.

आबांनी निकालाविरुद्ध वर दाद मागितली. तिथं निकाल कायम राहिला. मंडळ अधिकाऱ्यांनी उभं राहून तार काढून घेतली. तात्यांनी पट्टा सोडला.

निकालाआधी तात्यांच्या विहाराच्या अभ्यासिकेच्या उद्घाटनाला मला पाहुणी म्हणून बोलावलेलं होतं. निकालानंतर एका कार्यकर्त्याचा फोन आला, कार्यक्रम पुढं ढकललाय म्हणून. मग भिगवणहून येताना मला त्याच कार्यक्रमाचा फलक दिसला. तारीख तीच, पाहुणे दुसरे. खोटं कशाला बोलू, ते फार लागलं. आबांचा अर्ज एवढा लागला नव्हता.

मी त्या दिवशी गेले. गाडी लांब लावली आणि मागं, बायकांच्यात सतरंजीवर बसले. बोलावलं नव्हतं म्हणून काय झालं? विहार तात्यांच्या सातबाऱ्यावर नव्हता. वंदना झाली, भाषणं झाली. तात्यांनी व्यासपीठावरून मला बघितलं आणि भाषणातलं एक वाक्य त्यांचं हुकलं. शेजारच्या बाईनं मला ओळखलं नाही, "कुठल्या गावच्या?" म्हणून विचारलं. मी बारामतीची म्हटलं. खीर आली ती खाल्ली आणि कुणाला न भेटता निघाले.

पावसाळ्यात एकदा मावशी कचेरीत आल्या. पायाला घोट्यापर्यंत चिखल. मला वाटलं, वाटेचं काहीतरी बरं बोलायला आल्या असतील.

"मॅडम, वाट दिली तुमी, पर तिच्यात गाडी रुततीय. दूधवाला वरडतोय. मुरूम कोन टाकनार?"

"मावशी, ते माझ्याकडं नाही येत. पंचायत समितीला अर्ज करावा लागेल."

"मंग तितं कोन बसतंय?"

मी सांगितलं, इमारत कुठली, जिना कुठला, कुणाला भेटायचं. त्यांनी ऐकून घेतलं. "त्यो तारीख दील का लगीच वाटंला लावंल मला?" त्यांनी विचारलं.

"वाटेला लावायला लागला तर म्हणा, आधी माझं ऐकून घ्या."

"म्हनंन की," मावशी म्हणाल्या. "भितीय व्हय मी!" आणि ओचा वर खोचून, ओल्या पायांचे ठसे उमटवत त्या पंचायत समितीच्या रस्त्याला लागल्या.